राहेलबाईंची पाटी

“तू मान उपकार. मला जमायचं नाही,” हे म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून सरळ तोंडात घातला.

मी हात जोडून, डोळे मिटून बसले होते. एक डोळा किलकिला करून बघितलं. पाळकाचं घर, समोर खुद्द पाळक, आणि प्रार्थना न करता जेवतोय! माझ्या माहेरी कुणी असं केलं असतं तर वडिलांनी पुढचं ताट उचलून गायीला घातलं असतं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि माझी जीभ रेटेना. मीच घाईघाईनं दोन शब्द पुटपुटले, आमेन म्हटलं आणि भाकरीला हात घातला.

भाकर कसली ती! बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांनी मिलो खाल्ली त्यांनाच ठाऊक. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. थापायला गेलं की तुटायची, ताटात पडली की वातड व्हायची. पण मिळत होती हेच नशीब, तेव्हा तिला नावं ठेवत ठेवत आम्ही ती खात होतो.

“रविवारी मंडळीला सांगून टाकतो,” हे म्हणाले. “सोमवारी निघू. रत्नाकरनं साखर कारखान्यात काट्यावर नोकरी बघून ठेवलीय. उसाच्या गाड्यांचं वजन करायचं. राहायला क्वार्टर मिळेल.”

रत्नाकर म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. तो उन्हाळ्यापासून मागं लागला होता.

“अहो, या रविवारी हंगामाचा सण आहे,” मी म्हटलं.

“कसला हंगाम, प्रेमा? कुणाच्या शेतात काय पिकलंय?”

मी आमटी वाढली आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या वर्षी तेही शिकले.

हे म्हणजे रेव्हरंड शांतवन उजागरे. नेवाशाकडं बोरवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मी त्यांची पाळकीण, म्हणजे बिनपगारी पाळक. खरं सांगू? लग्न ठरताना मी माणूस बघितलाच नव्हता. बघायला आले तेव्हा मी लाजून मान वर केली नाही. चहा झाल्यावर वडील म्हणाले, “जावईबापू, जरा प्रार्थना करा.” आणि ह्यांनी सुरुवात केली. ओरडणं नाही, रडणं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं देवाशी बोलत होते. आमची म्हैस आजारी होती, कुणीतरी सांगितलं असेल, तर तिचंसुद्धा नाव घेतलं. मी तो आवाज पसंत केला. नाक बसकं आहे हे मला लग्नाच्या दिवशी कळलं.

तोच आवाज आता बंद पडला होता. तसं बोलत होते, आमटीत मीठ कमी आहे म्हणत होते, पण प्रार्थना करत नव्हते. रविवारी उपासनेत पुस्तकातली छापील प्रार्थना वाचायचे आणि खाली बसायचे. लोक एकमेकांकडं बघायचे. आजाऱ्याच्या घरी बोलावणं आलं तर मला पुढं करायचे. लोकांना पाळक हवा असायचा आणि दारात पाळकीण उभी!

याचं मूळ जूनमध्ये होतं. मृग कोरडा गेला होता. गाव सगळं आभाळाकडं डोळे लावून बसलेलं. तिकडं मारुतीच्या पारावर भजन बसलं होतं, इकडं आमची मंडळी रोज सकाळी चर्चमध्ये जमून पावसासाठी प्रार्थना करत होती. आणि आर्द्रात एका संध्याकाळी सर आली, पागोळ्या गळाव्यात इतकी. हे अंगणात उभे राहून भिजले. मी म्हटलं, “अहो, सर्दी होईल.” तर म्हणाले, “होऊ दे गं, होऊ दे!” लहान पोरासारखे हसत होते.

त्या रविवारी ह्यांनी उपकारस्तुतीची उपासना लावली. आमच्याकडं मागितलेलं मिळालं की उपकारस्तुती करतात. पोरगी पास झाली, कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं, म्हैस व्याली, की चर्चमध्ये जाहीर आभार मानायचे. पण ते मिळाल्यावर. ह्यांनी काय केलं, एक सर आली तेवढ्यावर सगळ्या पावसाळ्याची उपकारस्तुती आगाऊ करून टाकली. पुलपिटवर, उपदेशाच्या जागी, उभे राहून म्हणाले, “शंका धरू नका. भाकर मागणाऱ्या लेकराच्या हातात कुठला बाप दगड ठेवतो? पेरा!”

उपासना सुटल्यावर राहेलबाईंनी त्यांना दारातच गाठलं. राहेलबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या साठीच्या विधवा. मूलबाळ नाही, गावाबाहेर दोन एकर मुरमाड रान, आणि जीभ अशी की मोठमोठे पंच टरकून असायचे.

“पाळकसायेब, गाडगंभर बी हाय माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “राखंत घालून ठिवलंय. तेवडंच हाय बगा. पेरू का थांबू?”

“पेरा, राहेलबाई.”

“नक्की?”

“अहो, आत्ताच उपकार मानले ना आपण?”

त्यांनी पेरलं. बाजरीला दोन दोन पानं फुटली, आणि मग ऊन पडलं ते पडलंच. हे रोज संध्याकाळी त्यांच्या बांधावर जाऊन उभे राहायचे. पानं पिवळी पडली, मग करपली, मग मातीत मिळून गेली. एके दिवशी बांधावरून परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि प्रार्थना केली नाही. मला वाटलं विसरले. पाळक प्रार्थना विसरतो का कधी? पण मनाला समजावलं.

दिवाळीनंतर सगळं गाव दुष्काळी कामावर होतं. रस्त्यासाठी खडी फोडायची. पंच, पाळक, पाळकीण, सगळे एका रांगेत. मंडळीकडं पाळकाला द्यायला होतं काय? ज्यानं त्यानं आपापला ढीग करायचा, शनिवारी मुकादम माप घ्यायचा, त्या मापावर मजुरी आणि खायला सरकारी सुकडी. हे पार टोकाला जाऊन, राहेलबाईंच्या ढिगाकडं पाठ करून बसायचे. मी मात्र राहेलबाईंच्या शेजारी, कारण हातोडा कसा धरायचा ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

“हात सैल सोडा, पाळकीणबाई,” त्या म्हणायच्या. “दगडाशी भांडू नगा. घरी पाळकसायेब हायेत की भांडायला.”

त्या शुक्रवारी मात्र मला हसू आलं नाही. राहेलबाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

“काय वं, तोंड का सुकलंय? रविवारी सण हाय न्हवं?”

“यंदा सण नाही, राहेलबाई.”

“का? यंदा रविवार येनार न्हाय व्हय?”

माझ्या पोटात काही राहत नाही. बांध फुटावा तसं मी सगळं सांगून टाकलं. हे रविवारी मंडळीचा निरोप घेणार, सोमवारी आम्ही निघणार, आणि मुख्य म्हणजे ह्यांना प्रार्थना होत नाही.

“हुईत न्हाय म्हंजे?”

“शब्दच येत नाहीत म्हणतात.”

“कदीपासनं?”

“तुमची बाजरी जळाली तेव्हापासून.”

राहेलबाईंनी हातोडा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता रडतील, नाहीतर म्हणतील, बरं झालं, जाऊ देत. त्यांनी मान वळवून टोकाला बसलेल्या ह्यांच्या पाठीकडं बघितलं.

“आन् म्हनून तिकडं त्वांड करून बसत्यात व्हय?” त्या म्हणाल्या. “आवं, मला वाटलं धूळ डोळ्यात जातीया म्हनून.”

“तुम्हाला राग नाही आला त्यांचा?”

“राग येनार न्हाय तर काय आरती ववाळू?” असं म्हणून त्यांनी हातोडा उचलला आणि असा घातला की कपच्या माझ्या पायापर्यंत उडाल्या. आणखी चार दगड फोडले. मग विचारलं, “मुकादम माप उद्याच घेनार न्हवं?”

“हो.”

“बरं.”

त्या उठल्या, पाटी घेतली, आपल्याच ढिगातली चांगली बारीक, सारखी खडी निवडून काठोकाठ भरली आणि बाभळीच्या मागं नेऊन ठेवली. मापाच्या आदल्या दिवशी कुणी आपल्या ढिगातली मूठभर खडी इकडची तिकडं होऊ देत नव्हतं, आणि ही बाई भरली पाटी बाजूला काढते!

“हे काय करताय?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या.

शनिवारी दुपारी मी ट्रंक काढली. खोटं कशाला बोलू, क्वार्टर म्हटल्यावर मला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. महिन्याच्या महिन्याला पगार, नळाचं पाणी, आणि कुणी मला पाळकीणबाई म्हणून अर्ध्या स्वयंपाकातून उठवणार नाही. पण ह्यांचा उपासनेचा पांढरा झगा घडी करायला घेतला आणि हात थांबला. हा झगा न्यायचा की ठेवायचा? उसाच्या काट्यावर झगा कशाला लागतो?

“ठेवून दे इथंच,” मागून हे म्हणाले. “पुढच्या पाळकाला होईल.”

“त्याचं पोट तुमच्यासारखं खपाटीला गेलेलं नसेल,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

हे ट्रंकेच्या काठावर बसले. “प्रेमा, तुझा विश्वास आहे का अजून?”

“मला स्वयंपाक आहे अजून.”

“थट्टा करू नको गं.”

मग मी पण खाली बसले. हे हळूहळू बोलायला लागले. “डोळे मिटले की मला ती दोन पानं दिसतात. त्या बाईनं मला विचारलं होतं, पेरू का थांबू. मी देवाच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा झालो. आता मी कुणाशी बोलू? वर कुणी ऐकतंय असंच वाटत नाही. आणि ऐकत असेल तर जास्त भीती वाटते. सगळं ऐकून गप्प बसला असेल तर?”

मी त्यांचा हात धरला. तळहाताला घट्टे पडलेले, मधे मधे फुटलेले. मनात म्हटलं, देवा, मी पाऊस मागत नाही, तुला द्यायचा तेव्हा दे. पण ह्यांचा आवाज तू कशाला नेलास? तो माझा होता. मग झगा मी ट्रंकेत घातला नाही, खुंटीला परत लावला आणि चूल पेटवायला गेले.

रविवारी सकाळी पंच दाविदराव साळवे घरी हजर. मोठा गोड माणूस, पण सल्ला ऐकायची सवय नाही. हंगामाच्या सणाला वेदीपुढं टेबल मांडून त्यावर लोक शेतातलं पहिलं आणतात. कणसं, भोपळे, शेंगा, एखादी कोंबडी. पाळक एकेक वस्तू हातात उचलून घेतो, देणाऱ्याचं नाव घेतो आणि त्या घरासाठी मोठ्यानं प्रार्थना करतो. छापील नाही, त्या घराची म्हणून वेगळी. लोक त्यासाठी वर्षभर थांबतात. मग बाहेर अंगणात त्या वस्तूंचा लिलाव, आणि लिलाव पुकारायचा मान दाविदरावांचा.

“टेबल मांडलंय, पाळकसाहेब,” दाविदराव म्हणाले.

“दाविदराव, आज सण नाही. मला मंडळीशी थोडं बोलायचंय, तेवढंच.”

“बोला की. सण झाल्यावर बोला.”

“लोक आणणार काय?”

“ते लोकांचं लोक बघतील. तुम्ही झगा घाला.”

चर्च भरलं होतं. आमच्याकडं जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. दगडी, बैठं, दोन्हीकडं जोतं असलेलं आमचं देऊळ त्या दिवशी स्वच्छ सारवलेलं होतं. पाणी कुठून आणलं होतं कुणास ठाऊक. टेबलाकडं मात्र बघवत नव्हतं. कुणीतरी अंघोळीच्या पाण्यावर वाढवलेला एक दुधी. दोन अंडी. कुणी कागदाच्या पुडीत सुकडी आणली होती. पुष्कळ लोक रिकाम्या हातानं आले होते आणि मागं भिंतीला टेकून, मान खाली घालून बसले होते.

गीत झालं. हे टेबलाजवळ आले. दुधी उचलला, बराच वेळ हातात धरला. मी पदर तोंडाला लावून बघत होते. मनात म्हणत होते, बोला, बोला की हो! ह्यांनी दुधी परत खाली ठेवला. अंडी उचलली, ठेवली. दाविदरावांना खोकला आला. कुणाचं तरी तान्हं रडलं, त्याला पाजायला घेतलं. हे मंडळीकडं वळले, आणि मला कळलं की आता निरोपाचं बोलणार.

तेवढ्यात दारात कसला तरी घोळ झाला. राहेलबाई येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, भुवयांपर्यंत धुळीनं पांढऱ्या झालेल्या. लोक बाजूला सरले. मधल्या वाटेनं त्या थेट टेबलापर्यंत आल्या, “धरा की कुनीतरी!” म्हणाल्या आणि दाविदरावांच्या मदतीनं पाटी टेबलावर धाडकन ठेवली. टेबल कुरकुरलं. दुधी घरंगळून खाली गेला.

पाटीत खडी होती.

आधी कुणीतरी मागून फिसकन हसलं. “राहेलबाई, मुकादमाचं माप हितं न्हाय होत!” असं कुणी बोललं, आणि हसू पसरलं. पण मी ह्यांच्याकडं बघत होते. ते त्या खडीकडं बघत होते आणि मला कळत होतं त्यांना काय दिसतंय. कुठला बाप भाकरीच्या जागी दगड ठेवतो, असं याच जागी उभं राहून ते म्हणाले होते. आणि ज्या बाईचं बी त्या शब्दावर जळालं होतं, तिनं भर देवळात दगडांची पाटी आणून त्यांच्यापुढं ठेवली होती. राहेलबाईंना मीच सगळं सांगितलं होतं ना!

“बरोबर आहे, राहेलबाई,” हे म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला. “मी भाकर म्हणालो होतो. तुम्हाला दगड मिळाले. मंडळीसमोर दाखवलंत, बरं केलंत. मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा. मी उद्या जातोय इथून.”

हसणारे गप्प झाले. राहेलबाई कमरेवर हात ठेवून ह्यांच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या.

“काय बोलत्यात वं हे?” त्यांनी मला विचारलं. “कसली भाकर?”

“राहेलबाई, ती खडी...” मी पुटपुटले.

“आवं, खडी दाराफुडं टाकाय आनलीया!” त्या वैतागून म्हणाल्या. “देवळाच्या दारात पाऊस पडला की घोट्याएवडा चिखुल हुतो. मागं म्या आपटले न्हाय का हितं? भर रविवारी, सगळ्या मंडळीफुडं, नवं लुगडं नेसून! आठ दिस कंबर धरून बसले व्हते. ह्या दाविदरावाला कवाधरनं सांगतीया, दारात खडी टाका, खडी टाका. म्हनतो, बगू. आता आयती खडी हातात हाय तर म्हनलं आपल्या ढिगातली पयली पाटी देवळाला. पाऊस आल्यावर कुटं शोधत बसायची?”

बाहेर आभाळ कोरडं ठाक होतं. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर यायचा त्यावर भांडणं व्हायची. आणि ही बाई चिखलाची सोय करत होती.

“पाऊस आल्यावर?” हे म्हणाले.

“मग? येनार न्हाय व्हय?”

“राहेलबाई, तुमचं बी...”

“जळालं. ठाव हाय मला, माजंच व्हतं.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “राग आला मला. तुमचाबी आला आन् त्याचाबी आला. मी बोलत नव्हते त्याच्याशी. भाकऱ्या थापायच्या, खायच्या आन् निजायचं. मग म्हनलं, माझं दुसरं हाय तरी कोन भांडायला? म्हनून परत बोलायला लागले. अजून भांडनच चाललंय आमचं. पर भांडान हाय म्हनून देवळाच्या दारात चिखुल व्हायचा ऱ्हातो का?”

ह्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. हसतात की रडतात ते मला कळेना.

“तुमाला जायाचं तर जावा,” राहेलबाई म्हणाल्या. “कोनी धरून ठिवनार न्हाय. पर माझ्या पाटीवर पार्थना करून जावा. मगाशी दारातनं बगितलंय म्या, त्या दुधीवानी गप उचलून गप ठिवायची न्हाय, सांगून ठिवते.”

ह्यांनी पाटीला हात घातला. उचलेना. दिवसभर दगड फोडणारा माणूस, पण त्या घटकेला हातांत जोर नव्हता. राहेलबाईंनी “व्हा तिकडं” म्हणत पाटीची दुसरी कड धरली. दोघांनी मिळून ती टेबलापासून वीतभर वर उचलली. पाटी थरथरत होती आणि खडी आतल्या आत वाजत होती.

“प्रभू,” हे म्हणाले.

तो आवाज. माझ्या डोळ्यांना धार लागली.

“प्रभू, ही राहेलबाईंची खडी,” हे म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. राहेलबाईंचे हात अवघडले असतील, पण त्यांनी पाटी सोडली नाही. “आम्ही पाऊस मागितला. तू दिला नाहीस. का दिला नाहीस ते आम्हाला कळत नाही, आणि तू सांगत नाहीस. मला तुझा राग आलाय. पण ही बाई तुझ्या दारात खडी टाकायला आलीय. हिची पाटी घे. हिच्या कंबरेला सांभाळ.” परत थांबले. “आणि आम्हाला चिखल दे.”

“आमेन!” राहेलबाई म्हणाल्या आणि मग सगळं देऊळ म्हणालं. आमच्या मंडळीत आमेन नेहमी रेंगाळत, एकामागून एक येतो. त्या दिवशी एकदम आला.

मग ह्यांनी दुधी खालून उचलला, झग्यानं पुसला आणि त्या घरासाठी प्रार्थना केली. मग अंड्यांवर, मग सुकडीच्या पुडीवर. जे रिकाम्या हातानं आले होते त्यांना मागून पुढं बोलावलं, त्यांचे फुटलेले हात आपल्या हातात घेतले आणि एकेकाचं नाव घेऊन बोलले. उन्हं डोक्यावर आली तरी संपेना. दाविदराव लिलावासाठी चुळबुळत होते. शेवटी ते खडीच्या पाटीजवळ जाऊन म्हणाले, “याचा लिलाव पुकारायचा का?” तर राहेलबाई म्हणाल्या, “हात लावून बगा!”

खडी आम्ही सगळ्यांनी मिळून देवळाच्या दारापुढं पसरली. धूळ नुसती उडत होती.

घरी आल्यावर मी मिलोची भाकर वाढली. ह्यांनी हात जोडले आणि उपकार मानायला लागले. भाकरीचे मानले, मिठाचे मानले, माझे मानले, ट्रंक भरणाऱ्या हातांचे मानले. थांबेचनात. मिलोची भाकर गार झाली की दाताला लागते, आणि मी दोन वेळा खाकरले तरी माणूस थांबेल तर शपथ! शेवटी मीच मोठ्यानं आमेन म्हटलं. मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मी रडले, आणि ह्यांनी आपल्या ताटातला तुकडा मला भरवला. ट्रंक मी दुसऱ्या दिवशी रिकामी केली. रत्नाकर पुढं कितीतरी दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हता.

त्या साली पाऊस आला नाही तो नाहीच. उन्हाळा तसाच काढला. पुढच्या जूनमध्ये आला आणि सगळीकडं आला. प्रार्थना करणाऱ्यांच्या रानात आला, न करणाऱ्यांच्याही आला. आपली प्रार्थना ऐकली गेली, असं हे पुलपिटवरून एकदाही म्हणाले नाहीत. आगाऊ उपकारस्तुती तर परत कधीच लावली नाही. ती बाजरी का जळाली, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. अगदी शेवटी अंथरुणाला खिळले होते तेव्हासुद्धा म्हणायचे, “प्रेमा, वर गेल्यावर मी पहिलं तेच विचारणार आहे.” आता विचारूनही झालं असेल. राहेलबाई त्यांच्या आधी गेल्या, म्हणजे तिथंही त्याच पुढं असणार. मला त्या दोघांचा हेवा वाटतो कधी कधी. पण मी आजही जेवायच्या आधी ताटापुढं हात जोडते तेव्हा भाकरीचे उपकार मानते आणि त्या पाटीचेही मानते.

पहिल्या पावसानंतरचा रविवार मला अजून दिसतो. बोरवाडीत असा चिखल मी आधी बघितला नव्हता. राहेलबाई लुगडं वर धरून, खडीवर पाय टाकत टाकत दारापर्यंत आल्या. शेवटच्या पावलाला खडी संपली आणि त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी पाय वर काढला, त्याच्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं.

“बगा पाळकसायेब,” त्या म्हणाल्या, “कमी पडली. आजून एक पाटी पायजे व्हती.”

उपासना सुटल्यावर ह्यांनी झगा काढून माझ्या हातात दिला, घरातून हातोडा आणला आणि भर पावसात देवळाच्या दारापुढं दगड फोडायला बसले. राहेलबाई जोत्यावर बसून कुठं घाव घालायचा ते सांगत होत्या, आणि या वेळी हे त्यांच्याकडं तोंड करून बसले होते.